पाहुण्याचे पाणी

प्रवासास निघणे आणि प्रवासाचा बेत आखणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि नीतीच्या दृष्टीने पाहू गेल्यास दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक विचारार्ह आहे, असे आमचे मत आहे. प्रवासात माणूस बव्हंशी परिस्थितीच्या अधीन असतो. गाडी चुकली, मुलास ताप आला, मुक्कामाची जागा मनासारखी मिळाली नाही, म्हणजे जे सुचेल ते तो करतो, आणि त्याबद्दल त्यास कोणी फारसा दोषही देत नाही. परंतु बेत हा घरी, दिव्याखाली, स्वस्थचित्ताने केलेला असतो. आपणांस काय हवे, ते कोणी पुरवावे, आणि त्याचा बोजा कोणावर पडला तरी आपली हरकत नाही, हे सर्व आपण त्या कागदावर शांतपणे मांडीत असतो. म्हणून माणसाची पारख त्याच्या प्रवासवर्णनावरून करण्यापेक्षा त्याच्या प्रवासाच्या बेतावरून करणे अधिक न्याय्य ठरेल.

आमच्या भाच्याने येत्या नाताळच्या सुटीसाठी असा एक कागद तयार केला आहे. स्थळ राजस्थानातील जैसलमेर व त्याच्या भोवतालचे थरचे वाळवंट, मंडळी सहा, दिवस सहा. पहिले दोन दिवस जैसलमेरचा किल्ला, गडीसर तलाव व लोद्रवा येथील जैन मंदिर यांकडे. तिसऱ्या दिवशी कुलधरा व खाभा ही ओसाड गावे. चौथ्या व पाचव्या दिवशी सम येथील वाळूच्या टेकड्यांत तंबूंत मुक्काम. सहाव्या दिवशी परत. ऋतूची निवड योग्य आहे, कारण उन्हाळ्यात तेथील पारा ४५ अंशांवर सहज चढतो, आणि डिसेंबरात दुपारी सुखद ऊब असली तरी रात्री दोन दोन रजया लागतात. अंतरेही बरोबर काढलेली आहेत: कुलधरा शहरापासून सुमारे १८ किलोमीटर, सम सुमारे ४०. कागदात न्यून असे काढावयाचेच तर ते आमच्या घरातील मंडळींनी काढले. त्यांनी चष्मा लावून तो एकवार वाचला आणि म्हटले, "यात चहाच्या वेळा चार ठिकाणी लिहिल्या आहेत, पाणी कुठले, ते एकदाही लिहिलेले नाही."

या एका वाक्याने आम्हांस पुष्कळ दिवस विचारात पाडले आहे. जेथे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, अशा प्रदेशात केवळ आपल्या आनंदासाठी जाणाऱ्या मनुष्याचा तेथील पाण्यावर अधिकार कोणता? आणि अधिकार असो वा नसो, त्याचे कर्तव्य कोणते?

पाश्चात्त्य नीतिशास्त्राच्या अध्यापनात आम्ही प्रतिवर्षी जॉन लॉक याची मालकीहक्काची उपपत्ती विद्यार्थ्यांस समजावून देतो. निसर्गातील वस्तू मनुष्य आपल्या श्रमाने आपलीशी करू शकतो, मात्र इतरांसाठी तितकीच व तशीच वस्तू शिल्लक राहिली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. दृष्टान्तासाठी तो पाण्याचीच योजना करतो: वाहत्या नदीतून एकाने मनसोक्त पाणी प्यायले, तरी दुसऱ्यास सगळी नदी शिल्लकच राहते, मग त्याचे नुकसान ते काय झाले? युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु तो करणारा मनुष्य इंग्लंडचा रहिवासी होता. जेथे नदीच नाही, तेथे एकाने घेतलेली घागर ही दुसऱ्याची न भरलेली घागर असते, आणि लॉकच्या दृष्टान्ताचा पायाच वाळूत रुततो.

त्या वाळूत राहणाऱ्या लोकांनी मात्र या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रंथावाचून शोधून काढले होते. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे मोठे मनोवेधक वर्णन केले आहे. थरमधील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे भूपृष्ठावर साचणारे ते पालर. खोल विहिरीतले, बहुधा खारट, ते पाताळपाणी. आणि या दोहोंमधील तिसरे ते रेजाणी. काही ठिकाणी वाळूच्या खाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा, पट्टा असतो. पावसाचे पाणी वाळूत मुरते, या पट्ट्यावर अडते, आणि खालच्या खाऱ्या पाण्यात न मिसळता वाळूच्या कणांत ओलाव्याच्या रूपाने टिकून राहते. तेथे अगदी अरुंद तोंडाची कुई खणतात. ओलावा थेंबाथेंबाने कुईत पाझरतो आणि दिवसभरात दोन-तीन घागरी गोड पाणी जमते.

या कुईच्या व्यवस्थेत आमच्या मते एक संपूर्ण नीतिशास्त्र साठविलेले आहे. कुई ज्याची त्याची खाजगी असते. तिचे पाणी त्या घराचे. परंतु ती ज्या भूमीत खणलेली असते, ती भूमी साऱ्या गावाची. त्या भूमीत यंदा जेवढा पाऊस मुरला तेवढाच ओलावा सर्वांच्या वाट्यास आहे. नवी कुई खणली म्हणजे पाणी वाढत नाही, वाटेकरी वाढतो. म्हणून नव्या कुईस गाव सहजासहजी संमती देत नाही. घागर माझी, परंतु ओल सर्वांची, या भेदाचा आपल्या शहरी जीवनात लोप झाला आहे. आपण नळाची तोटी फिरवितो, महिन्याअखेर बिल भरतो, आणि बिल भरले म्हणजे ओलीचेही देणे फिटले असे समजतो.

आता त्या कागदातील स्थळांकडे याच दृष्टीने पाहू. जैसलमेरचा किल्ला रावल जैसल याने इ. स. ११५६ मध्ये वसविला. त्यापूर्वी भाटी राजांची राजधानी लोद्रवा येथे होती. या किल्ल्याचे वैशिष्ट्य असे की तो निव्वळ भग्नावशेष नसून आजही त्यात लोक राहतात. शेकडो वर्षे किल्ल्यातील घरांना गडीसर तलावाचे पाणी डोक्यावरून वाहून आणावे लागे, आणि डोक्यावरून आणलेले पाणी कोणी व्यर्थ सांडीत नाही. विसाव्या शतकात नळ आले, पुढे प्रवाशांसाठी घरोघर खाणावळी व निवासगृहे झाली, आणि पाण्याचा वापर अनेक पटींनी वाढला. ते पाणी जीर्ण गटारांतून टेकडीच्या पोटातील ठिसूळ थरांत झिरपू लागले, पाया खचू लागला, बुरूज व भिंती ढासळल्या. १९९६ साली जगातील संकटग्रस्त वास्तूंच्या एका आंतरराष्ट्रीय यादीत या किल्ल्याचे नाव आले. २०१३ साली जागतिक वारशाच्या यादीतही ते आले. शत्रूंचे वेढे सोसून उभ्या राहिलेल्या तटास पाहुण्यांच्या स्नानाचे पाणी जड जावे, ही गोष्ट चमत्कारिक खरी, परंतु तीत चमत्कार मुळीच नाही. जो दगड पाहण्यास आपण जातो, त्याच्याखालची माती आपणच भिजवून येतो.

कुलधऱ्याची कथा याहून निराळी, आणि आमच्या विषयास अधिक जवळची आहे. पाली येथून आलेल्या पालीवाल ब्राह्मणांनी वसविलेल्या या गावात आज चारशेहून अधिक घरांचे अवशेष उभे आहेत. छपरे गेली, भिंती व सरळ आखलेले रस्ते राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गाव ओस पडले. आख्यायिका अशी सांगतात की, जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याची वक्रदृष्टी गावातील एका मुलीवर पडली. तेव्हा अब्रूसाठी पालीवालांच्या चौऱ्यायशी गावांनी एका रात्रीत स्थलांतर केले, आणि जाताना येथे पुन्हा कोणी वसू शकणार नाही असा शाप दिला. भाच्याच्या कागदावर कुलधऱ्यासाठी पाऊण तास दिलेला आहे व कंसात 'शापित गाव' असे लिहिले आहे. मुलांस त्या दोन शब्दांनी आधीच भुरळ घातली आहे.

अभ्यासकांचे म्हणणे याहून कमी रंजक आहे. गाव एका रात्रीत नव्हे, तर हळूहळू रिकामे झाले असावे. पाण्याची टंचाई हे त्याचे एक कारण, करांचा असह्य बोजा हे दुसरे. सालिमसिंहाचा जुलूम ही मात्र निव्वळ दंतकथा नव्हे; कर्नल टॉड याने राजस्थानच्या आपल्या इतिहासात त्याच्या पिळवणुकीचे व त्यामुळे पालीवालांनी देशत्याग केल्याचे वर्णन केले आहे. भूकंपाचा धक्का बसला असावा, असेही मत अलीकडे मांडण्यात आले आहे. यांपैकी कोणते कारण किती बलवत्तर होते, हा इतिहाससंशोधकांचा प्रांत होय. आम्हांस निराळाच प्रश्न पडतो. इतकी साधी व समजण्याजोगी कारणे समोर असता, आपणांस शापच का आवडतो?

आमचे उत्तर असे आहे. शाप म्हटला म्हणजे आपण प्रेक्षक होतो. कोणी एक दुष्ट दिवाण, कोणी एक सुंदर कन्या, कोणी एक तेजस्वी समाज. आपला त्यांच्याशी काही संबंध नाही. अंगावर शहारा आणून घ्यावा, छायाचित्र काढावे आणि मोटारीत बसावे. पाणी आणि कर म्हटले की मात्र आपण त्या कथेतील पात्र होतो. ज्या प्रदेशाने आपल्या शक्तीबाहेर देणे दिले तो ओस पडतो, हे एकदा मान्य केले म्हणजे लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो की, आज त्या प्रदेशाकडून कोण मागत आहे? शापाची कथा हा प्रश्न आपल्या कानांवर येऊ देत नाही, आणि तिच्या लोकप्रियतेचे रहस्य बहुधा हेच असावे.

त्या भग्न गावात खरोखर पाहण्यासारखे काही असेल तर ते भुताखेतांचे नव्हे, पालीवालांच्या बुद्धीचे आहे. खडकाळ चढावरून वाहून येणारे पावसाचे पाणी उताराच्या पायथ्याशी लांबच लांब मातीचा बांध घालून अडवावयाचे, ते तेथेच जमिनीत मुरू द्यावयाचे, आणि पाणी ओसरले म्हणजे त्या ओलीवर गहू वा हरभरा पेरावयाचा, या पद्धतीस खडीन म्हणतात. पेरणीनंतर पाण्याचा एक थेंबही द्यावा लागत नाही. जैसलमेरच्या परिसरात आजही कित्येक खडिनांत पीक उभे राहते. कर्ते निघून गेले, त्यांची युक्ती राहिली, आणि ती दुसऱ्यांचे पोट भरीत आहे. ज्या भूमीस शापित म्हणून आपण पाऊण तास देतो, तीच भूमी कोणाची तरी भाकरी आहे, एवढे मुलांना दाखविता आले तरी सहा दिवसांचा खर्च वसूल झाला असे आम्ही समजू.

आमचा भाचा विचारी आहे. आमचे हे म्हणणे त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाला, "मामा, तुमचे म्हणणे पटते, पण तंबूंत लागणारे पाणी काही कोणाच्या कुईतले नसते. टँकरने आणतात, त्याचे पैसे आपण देतो. शिवाय आता तिकडे कालवा झाला आहे. आणि आपण गेलोच नाही, तर त्या उंटवाल्याने खायचे काय?"

हे तीनही आक्षेप वजनदार आहेत, आणि त्यांस बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. कालव्याची गोष्ट खरी आहे. १९५८ साली ज्याच्या कामास आरंभ झाला, आणि ज्यास पुढे इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले, तो कालवा पंजाबातील हरिके येथून सतलज-बियासचे पाणी थेट जैसलमेर जिल्ह्यापर्यंत आणतो. त्यायोगे कित्येक गावांचे कष्ट हलके झाले. परंतु जेथे ताट मोठे झाले तेथे जेवणारेही वाढले, आणि कालव्यापासून दूर असलेल्या ढाण्यांत पाण्याची वाट पाहणे अद्याप संपलेले नाही. टँकरचे पाणी विकत घेतलेले असते हेही खरे. परंतु किंमत आपण तंबूच्या मालकास देतो, आणि संमती ज्यांची घ्यावयाची ते त्या व्यवहारात कोठेच नसतात.

येथे थोडे अंकगणित केलेले बरे. साधा फवारा मिनिटास सुमारे ९ लिटर पाणी सोडतो. सहा माणसांनी दोन दिवस प्रत्येकी दहा मिनिटे त्याखाली स्नान केले, तर १,०८० लिटर झाले. त्याच सहा माणसांस दोन दिवस पिण्यास, दररोज माणशी ४ लिटर धरून, लागतात ४८ लिटर. तहान भागविण्यासाठी जो पाहुणा एवढेसे पाणी मागतो, त्यास वाळवंटाने आजवर कधी नाही म्हटलेले नाही. प्रश्न उरलेल्या पाण्याचा आहे. काही तंबूवसाहतींतून तर तरणतलावही बांधलेले आहेत. तूप सांडले तर दुःख नाही, पाणी सांडले तर जीव जळतो, अशा अर्थाची म्हण ज्या लोकांत रूढ आहे, त्यांच्या डोळ्यांदेखत आपण पोहावे काय? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी गेले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या दिवसांत लातुरात कोणी पैसेवाल्या परस्थांनी येऊन, बिल चुकते करून, जलक्रीडा केली असती, तर आपणां मराठी वाचकांस काय वाटले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तोच सर्वांत बळकट आहे. न जाण्याने कोणाचे कल्याण होते? उंटवाले, स्वयंपाकी, मोटारचालक, त्याचप्रमाणे मांगणियार व लंगा हे पिढीजात गायक, यांच्या चुली पुष्कळ अंशी प्रवाशांवर पेटतात. ज्या यजमान घराण्यांच्या आश्रयावर हे गायक पूर्वी जगत, त्यांचा आश्रय आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. तेव्हा आपल्या मनाची शुचिता राखण्यासाठी घरी बसणे हा एक प्रकारचा सोवळेपणाच होय. त्याने आपले हात स्वच्छ राहतील, परंतु दुसऱ्याचे हात रिकामे राहतील. आम्ही त्या मार्गाची शिफारस करीत नाही. जावे की न जावे हा प्रश्न आमच्यापुरता निकालात निघाला आहे. कसे जावे, एवढाच शिल्लक आहे.

पाण्याप्रमाणेच जळणाचीही गोष्ट आहे. तंबूंच्या मुक्कामात रात्री शेकोटी हवी, असे सर्वांस वाटते. परंतु वाळवंटात लाकूड येते कोठून? फोग नावाचे झुडूप तेथील वाळू धरून ठेवते, फार सावकाश वाढते, आणि जळणासाठी त्याची मुळेसुद्धा खणून काढल्यामुळे ते विरळ होत गेले आहे. त्याच मरुभूमीत, जोधपूरजवळ खेजडली येथे, १७३० साली खेजडीचे, म्हणजे आपल्या शमीचे, वृक्ष तोडू नयेत म्हणून अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. त्या भूमीत घटकाभराच्या करमणुकीसाठी ओंडका पेटविताना निदान हात तरी थबकला पाहिजे. आणि रात्रीच्या ध्वनिक्षेपकाचे काय? सोलापुराजवळील नान्नजच्या ज्या माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तो पक्षी आपल्या माळांवरून जवळजवळ नाहीसा झाला. निसर्गात मोकळे असे जे शंभर-दीडशे पक्षी उरले असतील, त्यांतील बहुतेक याच जैसलमेरच्या गवताळ भूमीत आहेत. आपण जे घालविले, ते त्यांनी अद्याप सांभाळले आहे. निदान त्याच्या शेजारी गोंगाट तरी करू नये.

या विचारविनिमयानंतर भाच्याने कागद पुन्हा लिहिला. आम्ही त्यात फक्त दोन सूचना केल्या. बाकीचे त्याचेच आहे. समच्या तंबूवसाहतीऐवजी खुडी गावातील एका घरी दोन रात्री राहावयाचे, आणि त्यांपैकी एक रात्र त्याच घरच्या माणसांबरोबर, ते नेतील तेथे, उघड्या वाळूवर काढावयाची. किल्ला पाहावयाचा, परंतु मुक्काम किल्ल्याखालच्या शहरात करावयाचा. स्नानास माणशी एक बादली. शेकोटी नाही, दोन शाली अधिक. गाणे ऐकावयाचे ते गायकांस बोलावून, त्यांची बिदागी त्यांच्याच हाती देऊन. कुलधऱ्यास पाऊण तासाऐवजी सबंध सकाळ, आणि तेथून खापराचा तुकडाही उचलावयाचा नाही. दुपारी एखादे पिकते खडीन. आमची पहिली सूचना अशी होती की, चहाच्या रकान्याशेजारी पाण्याचा रकाना असावा, आणि त्यात पाणी कोठून आले ते त्या त्या ठिकाणी विचारून मुलांनी लिहावे. दुसरी अशी की, सहापैकी एक दिवस संपूर्ण कोरा असावा, कारण ज्याच्या घरी जावयाचे त्यासही आपल्या वेळेवर थोडासा हक्क असतो.

अतिथी या शब्दाची एक जुनी फोड प्रसिद्ध आहे: ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. त्याच्या स्वागताचे जे पुण्य आपल्या पूर्वजांनी मानले, त्याचे मूळ या अनिश्चिततेत आहे. तो गरजेने आलेला असे, एक रात्र राही, पाणी पिऊन पुढे जाई. त्यास हिशेब विचारणे हे पाप होते. आम्ही मात्र तिथी ठरवून, तिकिटे काढून, गरज नसताना, आनंदासाठी जाणार आहोत. तेव्हा अतिथीचा मान मागण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्यास जो हिशेब माफ होता, तो आम्ही आपण होऊन मांडला पाहिजे, आणि तोही परत आल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी.